चित्राखालची ओळ : अजिंठ्याच्या सचित्र ग्रंथांविषयी

अजिंठ्याची चित्रे आपल्यापैकी बहुतेकांनी लेण्यात पाऊल टाकण्यापूर्वी कागदावर पाहिलेली असतात. विहारातील दिनदर्शिका, एखाद्या ग्रंथाचे मुखपृष्ठ, शाळेतील इतिहासाचे पुस्तक यांतून हातात कमळ घेतलेला बोधिसत्त्व पद्मपाणी आपल्या परिचयाचा होतो. पुढे केव्हातरी १ क्रमांकाच्या लेण्यातील मंद उजेडात उभे राहिल्यावर आपण त्याला ‘ओळखतो’. ही ओळख भिंतीवरील चित्राची नसते, छापील चित्राची असते. कोणते चित्र छापावयाचे, ते कोठे कापावयाचे, त्याखाली कोणती ओळ घालावयाची, हे सारे आपल्यासाठी दुसऱ्या कोणी ठरविलेले असते. अजिंठ्यावरील सचित्र ग्रंथांची परीक्षणे बहुधा कागद, छपाई आणि रंग यांच्या गुणवत्तेपाशी थांबतात. प्रस्तुत लेखात प्रश्न निराळा आहे. बौद्ध वाचकाच्या हाती या ग्रंथांनी काय दिले आणि काय दिले नाही, हे येथे पाहावयाचे आहे.

या ग्रंथांचा इतिहास एका अडचणीपासून सुरू होतो. लेणी अंधारी, भिंती काळवंडलेल्या आणि छायाचित्रण बाल्यावस्थेत. मद्रास सैन्यातील अधिकारी रॉबर्ट गिल यांना ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ साली चित्रांच्या नकला करण्यासाठी नेमले. त्यांनी अनेक वर्षे अजिंठ्यात काढून तैलरंगात मोठमोठ्या नकला तयार केल्या. त्या लंडनला पाठविण्यात आल्या आणि सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेल्या असताना डिसेंबर १८६६ च्या आगीत जवळजवळ सर्व जळाल्या. गिल यांनी छायाचित्रेही घेतली. त्यांपैकी ७४ छायाचित्रे जेम्स फर्ग्युसन यांच्या वर्णनासह १८६४ मध्ये ‘द रॉक-कट टेम्पल्स ऑफ इंडिया’ या नावाने प्रसिद्ध झाली. परंतु त्या ग्रंथातून दिसते ते शिल्प आणि स्थापत्य. रंग टिपण्याचे सामर्थ्य त्या काळच्या काचेत नव्हते. म्हणजे अजिंठ्याच्या पहिल्या मोठ्या सचित्र ग्रंथात अजिंठ्याची चित्रेच नव्हती, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

दुसरा प्रयत्न मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचा. जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ पासून सुमारे तेरा वर्षे हंगामाहंगामाने अजिंठ्यात जाऊन नकला करीत होते. पेस्तनजी बोमनजी हे त्या विद्यार्थ्यांपैकीच. याही नकला लंडनला गेल्या आणि याही मोठ्या संख्येने १८८५ च्या आगीत, या वेळी साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात, नष्ट झाल्या. उरलेल्यांच्या आधारे दोन भव्य खंड १८९६-९७ मध्ये निघाले. आजही या खंडांतील रंगीत शिळाछाप पाहताना मन थक्क होते. आज भिंतीवरून नाहीसे झालेले काही तपशील आता फक्त तेथेच सापडतात, आणि तेवढ्यासाठी प्रत्येक अभ्यासकाने ग्रिफिथ्स यांचे ऋण मानले पाहिजे. वर्षानुवर्षे पाडांवर चढून बसलेल्या विद्यार्थ्यांच्या श्रमावर उभ्या राहिलेल्या या ग्रंथाच्या शीर्षकाखाली मात्र नाव एकाचेच आहे, हेही जाता जाता नोंदविणे भाग आहे.

या ग्रंथाची रचना त्याच्या हेतूवर प्रकाश टाकते. पहिल्या खंडात प्रसंगचित्रे आहेत. दुसरा खंड बव्हंशी छतावरील व खांबांवरील नक्षीला दिलेला आहे : कमळे, हंस, हत्ती, फळे, वेलबुट्टी. कलाशाळेला विद्यार्थ्यांसाठी नमुने हवे होते. भिंत हे नमुन्यांचे भांडार, ही दृष्टी एकदा स्वीकारली की प्रसंगचित्राकडेही त्याच नजरेने पाहिले जाते. एक सुंदर हात, एक सुंदर मान, एक करुण मुद्रा घ्यावी आणि बाकीची भिंत सोडून द्यावी.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे १६ क्रमांकाच्या लेण्यातील ते चित्र, ज्याला ग्रिफिथ्स यांच्या काळापासून ‘मरणोन्मुख राजकन्या’ म्हटले गेले. आसनावर कोसळू पाहणारी स्त्री, मागून तिला सावरणारी सखी, भोवती व्याकुळ दासी. ग्रिफिथ्स यांनी या चित्रातील कारुण्याची मुक्तकंठाने प्रशंसा केली आणि पुढच्या प्रत्येक ग्रंथाने तिची री ओढली. परंतु ही राजकन्या मरत नाही. त्याच भिंतीवर हाती मुकुट घेतलेला एक माणूस आहे, आणि तो मुकुट नंदाचा आहे. नंद हा तथागतांचा सावत्र भाऊ. ‘उदान’मधील नंदवग्गात आणि धम्मपदाच्या १३ व १४ या गाथांवरील अट्ठकथेत त्याची गोष्ट येते. विवाहाच्या मंगल दिवशी तथागतांचे भिक्षापात्र हाती घेऊन तो विहारापर्यंत त्यांच्यामागून चालत गेला आणि प्रव्रजित झाला. घरी जनपदकल्याणी वाट पाहत राहिली. अश्वघोषाने यावरच ‘सौंदरनंद’ रचले. चित्रातील स्त्री नंदाच्या प्रव्रज्येची वार्ता कळल्याने मूर्च्छित होत आहे. हा प्रसंग कळल्यावर चित्रातील कारुण्य कमी होत नाही, उलट त्याला धार येते. कारण आता आपल्याला विचारता येते की एकाच्या मुक्तीची किंमत दुसऱ्याने का मोजावी, आणि चित्रकाराने ती किंमत इतक्या सहानुभूतीने का रंगवली? ‘मरणोन्मुख राजकन्या’ या ओळीने हा प्रश्नच बंद केला. मरणाला काय विचारणार?

दुसरे उदाहरण कारुण्याचे नाही, राजकारणाचे आहे. १ क्रमांकाच्या लेण्यात टोकदार टोप्या घातलेले परदेशी लोक राजापुढे भेटी घेऊन आलेले दिसतात. फर्ग्युसन यांनी १८७९ साली असे प्रतिपादन केले की हा चालुक्य राजा दुसरा पुलकेशी असून त्याच्या दरबारी इराणच्या दुसऱ्या खुस्रोचे वकील आलेले आहेत. ही कल्पना इतकी आकर्षक होती की ‘इराणी वकिलात’ ही ओळ चित्राला कायमची चिकटली आणि शालेय इतिहासातही शिरली. पुलकेशी सातव्या शतकातला. वॉल्टर स्पिंक यांनी अजिंठ्याच्या उत्तरकालीन लेण्यांचा काळ वाकाटक नृपती हरिषेणाच्या सुमाराचा, म्हणजे पाचव्या शतकाचा उत्तरार्ध, असा मांडल्यावर ही जुळणी कालदृष्ट्याही टिकेना. जर्मन भारतविद्यावेत्ते डीटर श्लिंगलॉफ यांनी हे चित्र महासुदर्शन राजाच्या कथेतील असल्याचे दाखविले.

पालीच्या वाचकाला येथे एकदम घरी आल्यासारखे वाटते. दीघनिकायातील सतरावे सुत्त ‘महासुदस्सन’. महापरिनिर्वाणाच्या आधी आनंद म्हणतो की भगवंतांनी कुसिनारासारख्या आडवळणाच्या लहानशा गावी देह ठेवू नये. तेव्हा तथागत सांगतात की हीच एके काळी कुसावती नावाची समृद्ध राजधानी होती आणि तेथे महासुदस्सन राज्य करीत होता. लोक त्याच्यापाशी विपुल संपत्ती घेऊन येतात आणि तो ती घेत नाही. उलट माझ्याकडूनच अधिक घेऊन जा, असे सांगतो. शेवटी हे सारे वैभवही नाहीसे होते. म्हणजे ज्या चित्रात आपल्याला शतकभर एका राजाची परराष्ट्रीय प्रतिष्ठा दाखविली गेली, ते चित्र मुळात वैभवाच्या अनित्यतेविषयी आहे. चित्राखालच्या एका ओळीने सुत्ताला दरबारी बखर केले.

तिसरे उदाहरण १७ क्रमांकाच्या लेण्यातील विस्तीर्ण भिंतीचे. हत्ती, घोडे, नौका, युद्ध, राज्याभिषेक. जुन्या ग्रंथांनी यात विजय राजाचे सिंहलद्वीपावरील आगमन पाहिले. पुढील संशोधनाने ही सिंहल नावाच्या व्यापाऱ्याची कथा ठरली. संस्कृत अवदानवाङ्मयात ती सविस्तर आढळते, आणि पाली जातकांत तिची सख्खी बहीण आहे ‘वलाहस्स जातक’ (क्रमांक १९६). जहाज फुटून यक्षिणींच्या बेटावर पोचलेले व्यापारी, त्यांना पाठीवर घेऊन सोडविणारा आकाशगामी अश्व. संस्कृत कथेत पुढे असे होते की सुटून आलेल्या सिंहलाच्या मागोमाग एक यक्षिणी त्याच्या नगरात येते, राजा त्याचा इशारा न मानता तिला अंतःपुरात घेतो आणि स्वतःच भक्ष्य होतो. मग लोक या शहाण्या व्यापाऱ्यालाच गादीवर बसवितात. युद्ध आणि अभिषेक आहे, पण तो राजघराण्यातील कोणा विजेत्याचा नाही. बुद्धीच्या बळावर लोकांनी निवडलेल्या माणसाचा तो अभिषेक आहे. आपल्या वाचकांना या दोहोंतील अंतर समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

हे चुकले कसे? ग्रिफिथ्स यांना दोष देण्यात हशील नाही. त्यांच्या पहिल्या खंडाच्या साली, १८९६ मध्ये, कोपनहेगनच्या फाउसबोल यांनी संपादिलेल्या पाली जातकट्ठकथेचा सहावा खंड बाहेर पडला. ज्या महाजनक आणि वेस्संतर जातकांची चित्रे अजिंठ्याच्या भिंती भरून आहेत, ती दोन्ही या सहाव्या खंडात आहेत. चित्रांचा ग्रंथ आणि कथांचा ग्रंथ एकाच वर्षी वाचकांपुढे आले. चित्रांचे काम करणाऱ्यांना कथा पूर्णपणे उपलब्ध नव्हत्या आणि कथांचे काम करणाऱ्यांपुढे भिंती नव्हत्या. मात्र त्यानंतर निघालेल्या ग्रंथांना ही सबब सांगता येत नाही. लूडर्स यांनी २ क्रमांकाच्या लेण्यातील रंगविलेली अक्षरे वाचून ती आर्यशूराच्या ‘जातकमाले’तील असल्याचे १९०२ सालीच दाखवून दिले होते. येथे पालीच्या अभ्यासकानेही थोडे नमते घ्यावे लागते. अजिंठ्याच्या चित्रकारांसमोर नेहमी पाली पाठच होता असे नाही. पुष्कळदा तो संस्कृत परंपरेचा, विशेषतः मूलसर्वास्तिवाद्यांच्या विनयाशी जुळणारा होता. भिंतीचे म्हणणे ऐकावयाचे तर दोन्ही भाषा यावयास हव्यात.

लेडी ख्रिस्टियाना हेरिंगहॅम यांचा ‘अजंता फ्रेस्कोज’ हा ग्रंथ लंडनच्या इंडिया सोसायटीने १९१५ मध्ये काढला. १९०९ ते १९११ या काळातील दोन हिवाळ्यांत नंदलाल बसू, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त, वेंकटप्पा, सय्यद अहमद, मुहम्मद फजलुद्दीन या भारतीय चित्रकारांनी त्यांच्यासह नकला केल्या. या ग्रंथाचे सामर्थ्य रेषेत आहे. ग्रिफिथ्स यांच्या नकलांत जी युरोपीय छायाप्रकाशाची सवय डोकावते ती येथे पुष्कळ ओसरली, आणि आधुनिक भारतीय चित्रकलेवर या दोन हिवाळ्यांचा झालेला परिणाम सर्वश्रुत आहे. पण ग्रंथाचे नावच शास्त्रदृष्ट्या सदोष आहे. फ्रेस्को म्हणजे ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर, तो वाळण्यापूर्वी, पाण्यात कालविलेल्या रंगाने काढलेले चित्र. चुना वाळताना रंगाला आपल्यात बांधून घेतो. अजिंठ्यात तसे नाही. येथे खडकावर माती, भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू यांचा लेप आहे, त्यावर चुन्याचा पातळ हात आहे आणि तो वाळल्यावर चिकट द्रव्यात खललेले रंग लावलेले आहेत. मद्रासच्या शासकीय संग्रहालयाचे रसायनतज्ज्ञ परमशिवन यांनी १९३०च्या दशकात केलेल्या परीक्षणांनी हे स्पष्ट केले.

हा केवळ शब्दाचा वाद नव्हे. ओल्या गिलाव्यावर काम करणाऱ्याला घाई असते. त्या दिवशी जेवढा गिलावा लावला तेवढा त्याच दिवशी रंगवून संपवावा लागतो. कोरड्या लेपावर काम करणारा थांबू शकतो, रेषा बदलू शकतो, दुसऱ्या दिवशी परत येऊ शकतो. अजिंठ्यातील गर्दीची चित्रे, जेथे एकामागे एक चेहरे दाटलेले असूनही कोणी कोणाला झाकत नाही, ती या उसंतीतून आलेली असावीत असे प्रस्तुत लेखकास वाटते. याच कोरडेपणाने चित्रांचा घातही केला. पाणी मुरले की माती सुटते, कीटक तूस खातात, आणि चुन्याने न बांधलेला रंग पापुद्र्याने गळतो. रंगही बहुतेक याच भूमीतले : गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, चुना. निळा तेवढा परका. तो लाजवर्दाचा, म्हणजे अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतील दगडाचा, आणि तो उत्तरकालीन लेण्यांतच भेटतो. एका निळ्या ठिपक्यातून व्यापारी मार्ग दिसतो, दान देणाऱ्याची ऐपत दिसते, संघाचे जग किती दूरवर पसरले होते ते दिसते. चित्रग्रंथाने असा ठिपका नुसता छापून चालत नाही. तो कोठून आला हेही सांगावे लागते. कला आणि विज्ञान एकमेकांना जिवंत करतात ते अशा ठिकाणी. हेरिंगहॅम स्वतः टेंपरा पद्धतीच्या जाणकार होत्या. चेन्नीनी या इटालियन चित्रकाराच्या जुन्या ग्रंथाचा त्यांनी केलेला अनुवाद १८९९ सालचा आहे. अशा व्यक्तीच्या ग्रंथाला हे नाव मिळावे, याची गंमत वाटते.

निजामाच्या पुरातत्त्व खात्याचे संचालक गुलाम यझदानी यांचा चार भागांचा ‘अजंता’ १९३० ते १९५५ या पंचवीस वर्षांत ऑक्सफर्डने प्रसिद्ध केला. येथे प्रथमच चित्रकाराच्या हाताऐवजी कॅमेऱ्यावर भिस्त ठेवली गेली. वर्णन चिकाटीचे, लेण्यालेण्यांतून क्रमाने जाणारे. संदर्भग्रंथ म्हणून त्याला पर्याय नव्हता. पण कॅमेरा निष्पक्षपाती असतो ही समजूत येथे तपासून घ्यावी. १९२० ते १९२२ मध्ये निजाम सरकारने बोलाविलेल्या चेक्कोनी व ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांनी सुटणारे पापुद्रे भिंतीला बसविले, अनेक चित्रे त्यामुळे वाचली, आणि पृष्ठभागावर लाखेचे रोगण दिले. गिल व ग्रिफिथ्स यांच्या काळातील रोगणाचे थर आधी होतेच. लाख कालांतराने पिवळी-तपकिरी पडते. म्हणजे यझदानींच्या छायाचित्रात जी सोनेरी ऊब दिसते, तिच्यातला किती भाग पाचव्या शतकाचा आणि किती विसाव्याचा, हा विचार करूनच ती पाने पाहावीत. अलीकडच्या दशकांत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायन शाखेने काही भागांवरील लाख व काजळी उतरविल्यावर खालून थंड, स्वच्छ रंग निघाले. ‘अजिंठ्याचा रंग’ म्हणून आपल्या घरांत आणि विहारांत जो तांबूस-तपकिरी रंग रूढ झाला आहे, त्यात लाखेचाही वाटा आहे.

युनेस्कोने १९५४ मध्ये जागतिक कलामालेत काढलेला, पंडित नेहरूंच्या प्रास्ताविकाचा आणि मदनजीत सिंग यांच्या प्रस्तावनेचा संग्रह सुबक आहे. त्याने अजिंठा जगभर नेला, त्यापलीकडे त्याविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. बिनॉय बहल यांचा १९९८ चा ग्रंथ मात्र निराळ्या कारणासाठी महत्त्वाचा आहे. झगझगीत दिवे न वापरता, अत्यंत मंद प्रकाशात दीर्घकाळ काच उघडी ठेवून त्यांनी छायाचित्रे घेतली. चित्राला धक्का न लावता अंधारातून रंग बाहेर आला. भिंतीसमोर उभे राहूनही न दिसणारे तपशील येथे दिसतात. तरीही वाचून झाल्यावर मनात राहतात ते चेहरे. भिंगाला चेहरा प्रिय असतो. ओठांची मुरड आणि अर्धोन्मीलित नेत्र पानभर मोठे होतात आणि ज्या माणसाकडे ते नेत्र पाहत आहेत तो पानाबाहेर राहतो.

उदाहरणार्थ १ क्रमांकाच्या लेण्यातील नर्तकी. अजिंठ्यावरील क्वचितच एखादे पुस्तक तिच्यावाचून निघते. सुटी छापली की ती प्राचीन भारतीय नृत्याची साक्ष होते, आणि नृत्याच्या अभ्यासकांना ती तशी उपयोगी आहेच. पण ती महाजनकाच्या कथेत नाचते आहे. राज्यत्यागाकडे वळलेल्या राजाचे मन परतविण्यासाठी हा थाट मांडलेला आहे, आणि त्याच भिंतीवर तो राजा नगर सोडून निघालेला आहे. नर्तकीचे सौंदर्य चित्रकाराने कमी रंगविले असते तर त्यागही कमी ठरला असता. चित्रातले सुख खरे आहे म्हणूनच कथा खरी होते. हे दोन प्रसंग एका पानावर शेजारी आल्याशिवाय वाचकाला हे समजणार कसे?

या साऱ्या वैभवशाली ग्रंथांच्या रांगेत सर्वांत रुक्ष दिसणारा ग्रंथ प्रस्तुत लेखकास सर्वांत जिवंत वाटतो. श्लिंगलॉफ यांचे ‘स्टडीज इन द अजंता पेंटिंग्ज’ १९८७ मध्ये दिल्लीहून निघाले. त्यांचा कथाचित्रांचा बृहद्ग्रंथ जर्मनमध्ये २००० साली आणि इंग्रजीत २०१३ साली आला. त्यात मोहक असे काही नाही. काळ्या रेषांची रेखाटने, त्यांवर प्रसंगांचे क्रमांक, बाजूस कथेचा पाठ आणि कोणत्या ग्रंथपरंपरेशी चित्र जुळते याची काटेकोर चर्चा. पण हे क्रमांक पाहत बोट फिरविले की एक आश्चर्य उलगडते. भिंतीवरील कथा डावीकडून उजवीकडे, पहिल्यापासून शेवटापर्यंत, अशी जात नाही. चित्रकाराने काळाऐवजी स्थळ धरले आहे. राजवाड्यात घडणारे सारे प्रसंग एका भागात, अरण्यातील दुसऱ्या भागात, नगराचे द्वार दोहोंच्या मध्ये. कथा एका टोकाहून निघून दुसरीकडे जाते, पुन्हा परत येते. लेण्यात फिरणारा भिक्खू वा उपासक हात दाखवून ती सांगत असेल तेव्हा त्याचे पाऊल कथेबरोबर पुढेमागे होत असणार. अशी भिंत चौकोनी पानांत कापली की केवळ तुकडे होत नाहीत, तिचे व्याकरण मोडते. रंगीत ग्रंथांनी जे मोडले ते या बेरंगी ग्रंथाने जोडले.

या ग्रंथावर आक्षेप घ्यावयाचे तर तेही आहेत. तो फक्त अभ्यासकाशी बोलतो. पाठ जुळला की त्याचे समाधान होते. चित्र सुंदर का आहे याविषयी तो अवाक्षर काढत नाही. सामान्य वाचक दहा पानांत थकून जाईल. आणि तो महाग आहे, जसे हे सर्वच ग्रंथ महाग आहेत. ज्या भूमीत ही लेणी आहेत तेथील विद्यार्थ्याला ते ग्रंथालयाच्या कुलूपबंद कपाटाच्या काचेतून पाहावे लागतात.

आमच्या वाचकांपैकी काहींचा प्रश्न याहून मूलगामी असतो. जातके म्हणजे पूर्वजन्मांच्या कथा. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ च्या ग्रंथात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुनर्जन्माच्या प्रचलित कल्पनेची कठोर चिकित्सा केली, त्यानंतर या चित्रांत आपण का गुंतावे? प्रश्न योग्य आहे. पण जातक वाचणे आणि पूर्वजन्म मानणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. जातकांत त्या काळच्या माणसांनी दानाच्या मर्यादा, क्रोध, सत्तेचा मद, शब्द पाळण्याची किंमत यांवर केलेला विचार आहे, आणि त्या विचाराशी भांडण्याचीही मुभा आहे. वेस्संतराचेच पाहा. पांढरा हत्ती दिला म्हणून त्याला हद्दपार केले गेले. अरण्यात त्याने जाली आणि कण्हाजिना ही आपली मुले जूजक ब्राह्मणाला दिली, पुढे मद्दीलाही दिले. आजच्या कोणाही उपासिकेला हे दान मान्य होईल काय? गंमत अशी की हा प्रश्न नवा नाही. ‘मिलिंदपञ्ह’मध्ये राजा मिलिंद हाच प्रश्न नागसेनासमोर ठेवतो. मुले वेलींनी बांधून ओढत नेली जात असता बाप पाहत राहिला, हे पुण्य कसे, त्यांची संमती होती काय, असे तो टोकून विचारतो. नागसेनाला दीर्घ उत्तर द्यावे लागते आणि ते प्रत्येकाचे समाधान करीलच असे नाही. ज्या दोघांच्या नावांनी औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मिलिंद महाविद्यालय आणि नागसेनवन उभे आहे, त्या दोघांचा हा वाद. आणि तेथून सुमारे शंभर किलोमीटरवर १७ क्रमांकाच्या लेण्यात त्याच वादाचा विषय रंगविलेला आहे. मंडपात बसलेले राजपुत्र-राजकन्येचे युगुल, राजासमोर मोबदला घेणारा ओबडधोबड जूजक. पहिले चित्र सुटे छापले की तो प्रणयप्रसंग वाटतो. वस्तुतः वेस्संतर मद्दीला हद्दपारीची वार्ता सांगत आहे. प्रणयप्रसंगाशी वाद घालता येत नाही. सुटे चित्र वाचकाला केवळ रसिक होऊ देते. कथेसह असलेले चित्र त्याला मिलिंदाच्या शेजारी बसविते.

मराठीत असा ग्रंथ व्हावयास हवा. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी, स्वतः चित्रकार असल्याने, मोठ्या हौसेने केलेले अजिंठ्यावरील पुस्तक १९३२ साली मुंबईहून निघाले, पण तेही इंग्रजीत आणि पर्यटकासाठी. धर्मानंद कोसंबी यांनी मराठीत जातकांचा परिचय करून दिला तेव्हा त्याच्या शेजारी चित्रे नव्हती. ही दोन कामे मराठीत अजून एकमेकांना भेटलेली नाहीत.

संपूर्ण अजिंठा एकदम हाती घेण्याची गरज नाही. एका कथेपासून आरंभ करावा, आणि ती ‘छद्दन्त जातक’ (क्रमांक ५१४) असावी, कारण ती तेथे दोनदा रंगविलेली आहे : एकदा सातवाहनकालीन १० क्रमांकाच्या लेण्यात आणि पुन्हा सुमारे पाच शतकांनी १७ क्रमांकाच्या लेण्यात. सहा दातांचा गजराज, मनात डूख धरून राणी झालेली सुभद्दा, तिने पाठविलेला पारधी, आणि वेदना सोसून स्वतःचे दात कापू देणारा तो हत्ती. दोन्ही भिंतींची रेखाटने प्रसंगांच्या क्रमांकांसह समोरासमोर छापावीत, खाली पाली पाठातील घटना आणि जेथे चित्र पालीहून वेगळे पडते ती ठिकाणे द्यावीत, रंगीत पाने थोडी पण निवडक असावीत, आणि लेप व रंगद्रव्यांची माहिती परिशिष्टात न ढकलता त्या त्या चित्राच्या शेजारीच असावी. किंमत अशी ठेवावी की वसतिगृहातील विद्यार्थ्याला ते पुस्तक स्वतःच्या पेटीत ठेवता येईल.

१० क्रमांकाच्या लेण्याचे छायाचित्र छापताना एक निर्णय मात्र संपादकाला घ्यावा लागेल. तेथील एका खांबावर, रंगविलेल्या आकृतीच्या अंगावरच, जॉन स्मिथ या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने आपले नाव आणि २८ एप्रिल १८१९ ही तारीख कोरून ठेवली आहे. देखण्या ग्रंथात असा भाग सहसा कापला जातो. आपल्या पुस्तकात तो खांब तसाच, त्या नावासह छापावा, आणि त्याखालच्या ओळीत आधी त्या आकृतीविषयी जे सांगावयाचे ते सांगावे, स्मिथविषयी त्यानंतर.